मधलं बटण

६ एप्रिल, अजमान

अस्मी म्हणाली, "बाबा, काय बदल केला ते रोज लिहून ठेवा. उद्या काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते सापडतं." म्हणून ही डायरी. आमच्याच एसीच्या कंपनीची आहे, कव्हरवर माझ्या व्हॅनचा फोटो, गिऱ्हाइकांना वाटून उरलेली. आजवर जॉबकार्ड सोडून मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा भाषेचं तेवढं सांभाळून घ्यावं. कोणी घ्यावं ते माहीत नाही.

विभाचा आवाज थंडीत गेला. आधी जीभ जड झाली, मग शब्द एकमेकांत मिसळायला लागले, मग नुसता श्वास. नसांचा आजार आहे, नाव लांबलचक आणि औषध नाही. आता हातही जायला लागलेत. उजवा अंगठा तेवढा शाबूत. डोकं पूर्वीसारखंच, म्हणजे माझ्यापेक्षा बरं.

बोलणारी अ‍ॅप्स विकत मिळतात. एक घेतलं होतं. त्यातली बाई असं मराठी बोलायची की वाटावं, बँकेतून हप्ता थकल्याचा फोन आलाय. विभाने डोळे मिटून घेतले. अस्मी दुबई मरीनाला एका गेम बनवणाऱ्या स्टुडिओत आहे. मला वाटायचं पोरगी गेम बनवते. ती म्हणते, नाही, मी त्यातले मेनू आणि बटणं बनवते. एवढं शिकून बटणं, असं मी एकदा बोलून गेलो होतो. तर त्याच बटणांच्या लायब्ररीत तिने आईसाठी टॅबवर एक पाटी बनवून दिली. तीन ओळी, ओळीत तीन बटणं. वर पाणी, कूस, दुखतंय. मध्ये मुनिबा, एसी बंद, झोपू द्या. खाली हो, नको, उजेड. मुनिबा म्हणजे आमची नर्स, कराचीची.

आवाज विभाचाच आहे. इतक्या वर्षांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज अस्मीने शोधून कापून बसवले. "झोपू द्या हो मला जरा" हा मी फुजैराला टर्मिनलच्या कामावर असतानाचा आहे. कामाच्या गमतीजमती पाठवत सुटलो होतो, त्यावर तिने वैतागून पाठवलेला. अस्सल वैताग आहे. पहिल्यांदा वाजला तेव्हा मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

अस्मीच्या गेमची तारीख जवळ आलीय, तिला वेळ नाही. यापुढचं मीच शिकणार. "बाबा, इट्स नॉट अ कॉम्प्रेसर," ती म्हणाली. म्हटलं, कॉम्प्रेसर तरी मला कोणी शिकवला होता?

९ एप्रिल

लेआउट समजला. निदान तसं वाटतंय.

मी समजत होतो बटण कुठे ठेवायचं ते मापाने सांगायचं, इथून एवढं, तिथून एवढं. तसं नाही. आधी एक डबा करायचा. डब्याला सांगायचं की तुझ्यात जे येईल ते ओळीने लाव, मध्ये एवढी फट सोड, कडेला एवढी जागा ठेव. मग आत जे टाकाल ते डबा आपणच लावतो. मोठा डबा, त्यात लहान डबे, त्यात बटणं. बटणाला डब्याचं 'चाइल्ड' म्हणतात, म्हणजे पोर. डब्याला पॅरेंट. आम्ही मॉलचे डक्ट टाकायचो तेव्हा ड्रॉइंग असंच असायचं, मोठ्या डक्टमधून लहान फुटतात. फरक एवढाच की आमचा पत्रा स्वतःहून जागचा हलत नाही.

टॅबसाठी स्प्लिट युनिटच्या ब्रॅकेटचा हात बनवला आणि पलंगाला बसवला. टॅब बरोबर अंगठ्याखाली येतो. मानेला पट्टा असल्यामुळे विभाला खाली बघता येत नाही. अस्मीने फोनवर बजावलं, "आई बघून दाबत नाही, बाबा. शी जस्ट नोज व्हेअर थिंग्ज आर. हाताने ओळखते."

बदल: बटणं थोडी मोठी केली. कडेची जागा वाढवली.

१५ एप्रिल

मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसतो, विभा आत. दार उघडं असतं. पाणी, कूस, उजेड, जे काही वाजेल त्याला मुनिबा बघते. मला उठावं लागत नाही, काम सलग होतं. धंदा ओवेस सांभाळतोय. तो माझा सुपरवायझर, फोनवर म्हणतो, "सेठ, आप भाभी को देखो, इधर सब खैरियत." म्हणून मी इथे बसून पाटी नीट करतोय. तिला बोलता यावं हेच सध्या माझं काम.

आज दुपारी "अहो, एसी बंद करा ना" वाजलं. एसी म्हटल्यावर मुनिबाचं काय काम, मी स्वतः गेलो. बंद केला, स्टुलावर चढून कान लावला. ब्लोअर किंचित घासतो. लोकांना ऐकू येत नाही, मला येतं. कव्हर उतरवून साफ केलं, कॉइल सुकेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसलो. एसी बंद झाला की खोली इतकी शांत होते की शेजारच्या बाईची कुकरची शिटीही वेगळी कळते. मी म्हटलं, आज सांबार आहे त्यांच्याकडे. विभाचे डोळे हसले. ते अजून हसतात.

२१ एप्रिल

एसी परत. आणि परत. आज तिसऱ्यांदा उतरवला. तिथे काही नाही. मुनिबा म्हणाली, "साहब, एसी तो ठीक है. मैं बंद करती हूँ तो फिर दबाती हैं. आप आते हैं तो नहीं दबातीं."

म्हणजे हिला रिमोट नीट येत नाही. दाखवला. म्हटलं, नुसता थंडपणा कमी करायचा नसतो, पूर्ण बंद करायचा. ती "जी" म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. चांगली आहे बाई, पण यंत्राचं अंग नाही.

एक गोष्ट ऐकण्यासारखी. विभा बाकीची बटणं एकदाच दाबते. एसीचं मात्र जोडीने. टक-टक. दार वाजवल्यासारखं.

२७ एप्रिल

अस्मी आली होती. बिर्याणी खाल्ली, आईचे केस विंचरले, मला अ‍ॅनिमेशन शिकवलं. तिचे डोळे सुजलेले होते. झोप नाही म्हणाली, गेमचं टेन्शन.

अ‍ॅनिमेशन म्हणजे चित्रपट नव्हे. वस्तू इथे आहे, तिथे जायची आहे, अमुक वेळात. मधल्या सगळ्या जागा मशीन भरतं. आता ती जाते कशी ते आपण ठरवायचं. एका वेगाने गेली तर निर्जीव दिसते. सुरुवातीला जोरात आणि पोचताना हळू अशी गेली तर खरी वाटते. "पंखा बंद केल्यावर फिरतो तसा," मी म्हटलं. अस्मी म्हणाली, "एक्झॅक्टली, बाबा." बऱ्याच वर्षांनी पोरीकडून एक्झॅक्टली मिळालं.

मी विचारलं, पण हे कशाला? नुसतं दिसायला? ती म्हणाली, "नाही. डोळ्याला कळावं म्हणून, वस्तू कुठून निघाली नि कुठे गेली. नाहीतर माणूस हरवतो."

बदल: बटण दाबलं की थोडं दबतं आणि हळू वर येतं.

२ मे

आता हद्द झाली. चांगला एसी काढून नवा इन्व्हर्टर लावला. बावीसशे दिरहॅमचा, म्हणजे पन्नास हजारांच्या वर गेले, पण माझ्याच दुकानातला आहे, कोणाला सांगता. पान पडल्याचाही आवाज करत नाही. लावून खाली उतरलो, हात पुसतोय तोवर टक-टक. "अहो, एसी बंद करा ना."

केला बंद. खुर्ची टाकून बसलो, म्हटलं आता ऐकूच या काय ते. काहीच ऐकू येईना. मग गप्प बसवेना म्हणून आमच्या पहिल्या खोलीची गोष्ट काढली. इथेच अजमानला, तीन कुटुंबांत एक स्वयंपाकघर. आमच्या वाट्याला खिडकीतला एसी, भंगारातून उचलून मीच सुरू केलेला. तो चालू असला की बोललेलं ऐकू यायचं नाही. नवीन लग्न आणि भिंतीपलीकडे माणसं, म्हणून लोकांपासून लपवायचं तर एसी लावायचा, आणि आपापसांत बोलायचं तर बंद करायचा. घामाने निथळत बोलत बसायचो. एकदा असाच बंद केला आणि ती मला म्हणाली, की... एवढ्यात ओवेसचा फोन आला. व्हॅनचा इन्शुरन्स. फोन झाल्यावर आठवलं, पाटीच्या ग्रिडचं अर्धं काम उघडं टाकून आलोय. म्हटलं, विभा, राहिलेलं नंतर.

मी उठलो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. एसी पुन्हा लावला. बाहेर चाळीस आहे.

६ मे

सापडलं. दोष यंत्रात नाही, जागेत आहे.

एसी बंद हे बटण बरोबर मध्यभागी. अंगठा दमून सुटा पडला की तिथेच पडतो. तिला काही नको असताना वाजतं, आणि मी स्टुलावर चढतो. इतके दिवस सुचलं नाही याचंच नवल. विभाला झोप लागली होती तेवढ्यात ते बटण काढून टाकलं. एसी आता स्वतःच तापमान बघतो, बंद करायची गरज काय?

आणि काय देखणं झालं. मला भीती होती की मध्ये भोक राहील. आमच्या धंद्यात एक युनिट उतरवलं की भिंतीवर खिळ्यांची भोकं राहतात. इथे डब्याने स्वतःच जागा भरली. 'झोपू द्या' मध्ये आलं, त्याच्या जागी 'हो', 'हो'च्या जागी 'नको', सगळी एकेक घर पुढे. मी शिकलेलं अ‍ॅनिमेशन लावलं होतंच, तेव्हा अशी सरकली की लोण्यातून सुरी. पोचताना हळू. दोनतीनदा परत घालून, काढून नुसतं बघत बसलो. अस्मीला व्हिडिओ पाठवला. तिने घाईत एक हार्ट पाठवलं.

बदल: एसीचं बटण काढलं. आठ उरली. पाटी आता पूर्ण माझी.

७ मे

दुपारी आत डोकावलो. विभाने दाबलं, "झोपू द्या हो मला जरा."

म्हटलं, झोप बाई. वळलो, तर पुन्हा तेच. पुन्हा. लागोपाठ. "झोपू द्या हो मला जरा. झोपू द्या हो मला जरा." मी म्हटलं, अगं जातोय ना. तेव्हा थांबली.

माझा कान फसत नाही. आवाजात वैताग होता.

११ मे

तीच गत. मी दारात दिसलो की झोपू द्या. मी नाही दिसलो तरी झोपू द्या. आज धीर करून खुर्ची ओढली, म्हटलं, बसू का थोडा? ती गोष्ट राहिलीय. तिने दाबलं, "नको."

मी म्हटलं, राग आलाय का माझा? "नको."

कशाला नको तेही कळेना. हल्ली सारखा उजेडही मागते. मुनिबाने विचारलं, बाल बांधूँ? तर उजेड. पाणी हवं? तर उजेड. दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावून ठेवलीय, आणि विभा डोळे मिटून त्याखाली.

अस्मीला फोन केला, पण तिचा गेम चार दिवसांवर. म्हटलं, आईला माझा कंटाळा आलाय बहुतेक. ती म्हणाली, "बाबा, डोन्ट बी सिली. डॉक्टरने सांगितलंय ना, मूड बदलतो." असेल. पस्तीस वर्षं मी बोलतोय आणि ती ऐकतेय. आता तिला बोलायला मिळालं, तर हे बोलली. रागवायचं कोणावर?

हॉलमध्येच बसतो. तिचं दाबणं मात्र कानावर येतं. टक-टक. जोडीने.

१८ मे

हल्ली काही दाबत नाही. मुनिबाच अंदाजाने सगळं करते. अंगठा उचलत नसेल म्हणून बटणं हलक्या स्पर्शाला वाजतील अशी केली. तरी नाही.

मुनिबा म्हणाली, "साहब, अंदर बैठा करो." म्हटलं, उनको नींद चाहिए, बेटा. उन्होंने खुद बोला है.

बदल: स्पर्श हलका केला.

२४ मे

सकाळी श्वासात पाणी ऐकू आलं. डॉक्टर येण्याआधी मला ऐकू आलं. अ‍ॅम्ब्युलन्स. छातीत जंतू. तोंडावर मास्क आहे, मोठं मशीन नको असं तिने पूर्वीच, हात चालत होता तेव्हा, सही करून ठेवलंय. मला मशीनं आवडतात. तिला कधीच आवडली नाहीत.

२५ मे

अस्मी रजा टाकून आली. हॉस्पिटलला न्यायला टॅब काढत होती. मी चहा टाकत होतो. पाटी उघडली आणि मला काही वाजलेलं ऐकू आलं नाही, नुसती ती गप्प झालेली ऐकू आली.

"बाबा, एसीचं बटण कुठाय?"

सांगितलं. मधलं होतं, चुकून दाबलं जायचं, काढलं.

"काढलं म्हणजे? यू डिलीटेड द चाइल्ड? आणि मागची सगळी पुढे सरकली?"

म्हटलं, हो, व्हिडिओ नव्हता का पाठवला, किती छान सरकली.

तिने टॅब डोळ्यांपुढून दूर केला आणि बाजूला मान वळवून, न बघता, अंगठ्याने मध्ये दाबलं. "झोपू द्या हो मला जरा." मग खाली डावीकडे. "नको." मग त्याच्या शेजारी. "उजेड."

"अ‍ॅनिमेशन डोळ्यांसाठी असतं, बाबा," ती म्हणाली. "आई बघत नव्हती." मग तिला रडू फुटलं. "मी व्हिडिओ बघितलाच नाही. आय जस्ट सेंट अ हार्ट."

चहा उतू गेला, त्याचा आवाज ऐकू येत होता. मी उभा राहून, जुन्या जागा आठवत, एकेक परत दाबून बघितलं. बसू का थोडा? हो. राग आलाय का माझा? हो, तेही हो. पाणी हवं? नको. आणि मधलं, टक-टक.

मुनिबा ओट्याशी आली, गॅस बंद केला. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "मुझे मराठी पढ़नी नहीं आती, साहब. बटन का नहीं पता. पर एसी का पता था. वो आपके लिए दबाती थीं. आप और किसी बटन पे उठते नहीं थे."

२५ मे, हॉस्पिटल

अस्मीने गाडीतच बटण परत जागेवर घातलं. मी टॅब विभाच्या अंगठ्याखाली धरला. औषधाने गुंगी आहे, अंगठा उचलला नाही. मग मीच दाबलं, जोडीने. "अहो, एसी बंद करा ना."

फिलिपिनो नर्स म्हणाली, सर, सेंट्रल एसी आहे, बंद होत नाही. म्हटलं, माहीत आहे सिस्टर, असे मी पुष्कळ बसवलेत. खुर्ची ओढून बसलो.

राहिलेली गोष्ट सांगितली. एसी बंद होता, घाम गळत होता, पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं. आणि ती मला म्हणाली होती की तुम्ही सगळ्या दुनियेची यंत्रं कान लावून ऐकता, माझ्याजवळ कधी असा कान लावता का? मी तेव्हा थट्टेत तिच्या पोटाला कान लावला होता आणि म्हटलं होतं, गॅस कमी आहे, भरावा लागेल. हसून हसून दोघं पलंगावरून पडलो होतो, आणि भिंतीवर शेजाऱ्यांची थाप पडली होती.

हे सगळं मोठ्याने सांगितलं. मधे मधे मॉनिटरचा आवाज बदलतोय का ते ऐकत होतो. नाही बदलला.

मग कान लावला. मास्कच्या बाजूने, गळ्याच्या खाली. आत बरंच काही चालू होतं.

२७ मे

सकाळी गेली. अस्मी एका बाजूला, मी दुसऱ्या. तिचा अंगठा माझ्या तळहातावर होता. दाबला का, असं अस्मीने नंतर विचारलं. मी हो म्हटलं.

९ जून

भाड्याचा पलंग आज घेऊन गेले. मुनिबा कालच शारजाला नव्या घरी रुजू झाली. जाताना एसीचा रिमोट मला हातात आणून दिला, बाकी सगळं टेबलावर ठेवलं होतं.

अस्मी महिनाभर इथूनच ऑफिसला जाणार म्हणते. तिचा गेम आलाय, लोकांना मेनू आवडले म्हणे. दुपारी मला म्हणाली, "बाबा, सोफा आत सरकवू या? खोली फार रिकामी दिसते."

मी विचारलं, तुझ्या लायब्ररीत एखादी वस्तू दिसायला नको आहे, पण बाकीच्यांनी सरकायला नको, असं करता येतं?

"येतं की," ती म्हणाली. "डिलीट नाही करायचं. नुसती पारदर्शक करायची. जागा तशीच राहते." मग तिला कळलं मी काय विचारतोय ते. सोफ्याचं पुन्हा काढलं नाही.

खोलीतला एसी बंद केला. खुर्ची पूर्वी होती तिथेच ठेवली आणि बसलो. शेजारी आज कुकर लागला नाही. घाम यायला लागला. अस्मी दारात आली, मग तीही आत येऊन खाली बसली.

बदल: काही केला नाही.